श्वसनविकारांचं सर्वेक्षण कसं करावं: आरोग्य विभागात रुजू होणाऱ्या साथरोगतज्ज्ञासाठी

आरोग्य विभागाच्या श्वसनविकार सर्वेक्षण कक्षात नवा माणूस आला की त्याला सहसा आधी एक आलेख दाखवला जातो. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर रुग्ण आणि मधून चढत-उतरत जाणारी रेघ. साथरोगशास्त्र शिकून आलेल्याला लगेच त्या रेघेचं विश्लेषण करावंसं वाटतं. माझा आग्रह असा, की पहिले काही आठवडे ती रेघ बाजूला ठेवा आणि ती तयार कशी होते ते बघा. कोणाला तरी खोकला झाला, तो दवाखान्यात गेला, डॉक्टरांनी स्वॅब घ्यायचं ठरवलं, नमुना प्रयोगशाळेत पोचला, निकाल कोणीतरी संगणकात भरला, मग तो तुमच्यापर्यंत आला. आजार जागच्या जागी असला तरी या साखळीतली कुठलीही कडी रेघेला वर-खाली करू शकते. म्हणून हा लेखही त्या साखळीच्या क्रमानेच लिहिला आहे.

१. हे सर्वेक्षण कशासाठी चाललं आहे, ते आधी लिहून काढा

एकाच व्यवस्थेकडून सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. हंगाम सुरू झाला का, कोणता विषाणू फिरतो आहे, हे कळायला निवडक म्हणजे सेंटिनल केंद्रांतून दर आठवड्याला येणारे थोडेच पण नीट निवडलेले नमुने पुरतात. आजार किती गंभीर आहे हे कळायला रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची आणि अतिदक्षता विभागाची माहिती लागते. अनोळखी विषाणू पकडायचा असेल तर मात्र सेंटिनल केंद्रांवर भिस्त ठेवून चालत नाही, कारण तो तुमच्या यादीत नसलेल्या एखाद्या रुग्णालयात आधी दिसण्याची शक्यताच जास्त. तिथे उपयोगी पडते ती घटनाधारित नोंद: एखाद्या डॉक्टरचा फोन, प्रयोगशाळेची शंका, एकाच वसतिगृहातली दहा आजारी मुलं.

मृत्यूंचा प्रश्न आणखी वेगळा. इन्फ्लुएन्झाने कोलमडलेला वृद्ध माणूस पुढे न्यूमोनियाने किंवा हृदयविकाराने जातो आणि दाखल्यावर इन्फ्लुएन्झाचं नावही नसतं. विल्यम फार यांनी १८४७ च्या साथीत लंडनमधले नेहमीपेक्षा किती मृत्यू जास्त झाले ते मोजलं. १९६३ मध्ये रॉबर्ट सर्फलिंग यांनी त्याच कल्पनेला ऋतुमानाचं गणिती प्रारूप दिलं. अतिरिक्त मृत्यूंचा हिशेब आजही याच पायावर उभा आहे आणि त्यासाठी लागणारा डेटा तुमच्या कक्षात नसतो. तो जन्म-मृत्यू नोंदणीकडे असतो. तिथल्या माणसाशी ओळख करून घेणं पहिल्या महिन्यातच उरका.

एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात प्रश्न, दुसऱ्यात त्याचं उत्तर कोणत्या डेटातून मिळणार, तिसऱ्यात उत्तर मिळाल्यावर कोण काय करणार. तिसरा रकाना कोरा राहिला, तर ती माहिती गोळा करायचं ओझं आपण केंद्रांवर का टाकतो, हे वरिष्ठांना विचारा. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. फॉर्मवरचा प्रत्येक निरुपयोगी रकाना उपयोगी रकान्यांची गुणवत्ता खाली ओढतो.

तुमच्या केंद्रातला एक स्वॅब किती दूर जातो हेही लक्षात असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेचं इन्फ्लुएन्झा जाळं १९५२ पासून चालू आहे. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी पाठवलेल्या विषाणूंच्या अभ्यासावरून लशीत कोणते प्रकार घ्यायचे हे वर्षातून दोनदा ठरतं. उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत, दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये. त्या बैठकांच्या तोंडावर पाठवलेला ताजा, नीट साठवलेला नमुना उशिरा पोचलेल्या शंभर नमुन्यांपेक्षा मोलाचा.

२. रुग्णव्याख्या पाठ करा, मग तिच्या मर्यादा पाठ करा

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे आयएलआय (इन्फ्लुएन्झासारखा आजार) म्हणजे तीव्र श्वसनसंसर्ग, मोजलेला ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप आणि खोकला, आणि लक्षणं गेल्या १० दिवसांत सुरू झालेली. सारी (गंभीर तीव्र श्वसनसंसर्ग) म्हणजे तापाचा इतिहास किंवा मोजलेला तितकाच ताप, खोकला, १० दिवसांची तीच मर्यादा आणि रुग्णालयात दाखल करण्याची गरज.

दोन्हींत एक बारीक फरक आहे. आयएलआयमध्ये ताप मोजलेला हवा, सारीमध्ये 'ताप येऊन गेला' एवढं सांगितलेलंही चालतं. ज्या बाह्यरुग्ण विभागात थर्मामीटर टेबलावर नसतो, तिथे आयएलआयची संख्या आपोआप घटते किंवा अंदाजाने '३८' लिहिलं जातं. एखाद्या केंद्रातून सगळ्या रुग्णांचं तापमान बरोब्बर ३८ किंवा ३८.५ येत असेल तर तिथे काय चाललंय ते फोनवर न विचारता जाऊन बघा.

व्याख्या ही चाळणी आहे. ती काय अडवते आणि काय सोडून देते हे विषाणूगणिक बदलतं. आरएसव्ही (लहान मुलांत मुख्यतः दिसणारा श्वसनाचा विषाणू) झालेल्या पुष्कळ तान्ह्या बाळांना ताप नसतोच. म्हणून आरएसव्हीच्या सर्वेक्षणासाठी तापाची अट काढलेली विस्तारित व्याख्या वापरतात आणि ६ महिन्यांखालच्या बाळांत श्वास मध्येच थांबणं किंवा सेप्सिसची (संसर्गाने सगळं शरीर बिघडल्याची) लक्षणं असली तरी बाळाला धरतात. वृद्धांतही ताप दगा देतो: इन्फ्लुएन्झा असतो, पण नातेवाईक सांगतात की 'दोन दिवस गोंधळल्यासारखे वागत होते'. तुमची व्यवस्था फक्त तापाच्या व्याख्येवर चालत असेल तर वृद्धांतला आणि तान्ह्यांतला आजार कमी दिसणार, हे प्रत्येक अहवाल लिहिताना मनात ठेवा.

व्याख्या बदलायची वेळ आलीच तर हंगामाच्या मध्यावर बदलू नका. शक्य असेल तर काही काळ जुनी आणि नवी दोन्ही समांतर चालवा आणि बदलाच्या आठवड्यावर आलेखात उभी रेघ मारून ठेवा. दोन वर्षांनी तुमच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला त्या रेघेचा फार उपयोग होतो.

३. केंद्रांवर जा आणि एक नमुना सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि याचाच सर्वांत जास्त कंटाळा केला जातो. कार्यालयात बसून जे प्रश्न सुचतच नाहीत, ते केंद्रावरच्या पहिल्या तासाभरात समोर येतात.

रुग्ण निवडतं कोण? 'दर दिवशी पहिले दोन पात्र रुग्ण' असा नियम असेल तर तो खरंच पाळला जातो का, की डॉक्टरांना ज्याची काळजी वाटली त्याचाच स्वॅब घेतला जातो? दुसऱ्या पद्धतीत काही वाईट हेतू नाही, चांगला डॉक्टर असंच वागणार. पण मग तुमच्या नमुन्यांत गंभीर रुग्ण जास्त भरतात आणि पॉझिटिव्हिटीचा, म्हणजे तपासलेल्यांपैकी किती टक्के नमुने पॉझिटिव्ह निघाले या प्रमाणाचा, अर्थ बदलतो. स्वॅब आठवड्याच्या कोणत्या वारी घेतले जातात? रात्री दाखल झालेल्यांचं काय? स्वॅब घेणारी परिचारिका रजेवर गेली की तिचं काम कोण करतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'कोणी नाही' असं आलं, तर आलेखातल्या काही खड्ड्यांचं कारण तुम्हाला तिथेच सापडलं.

मग फ्रिज उघडा. व्हीटीएममधला (विषाणू टिकवणाऱ्या द्रावणातला) नमुना २ ते ८ अंशांवर ठेवून शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत गेला पाहिजे. काही दिवसांत पोचणार नसेल तर उणे ७० अंशांवर गोठवावा लागतो. घरगुती फ्रीजरच्या उणे २० अंशांवर इन्फ्लुएन्झाचा विषाणू टिकत नाही, त्यामुळे 'गोठवून ठेवला होता' हे ऐकून समाधान मानू नका, किती अंशांवर ते विचारा. स्वॅबची काडी बघा: लाकडी दांड्याचे किंवा कॅल्शियम अल्जिनेटचे स्वॅब पीसीआरमध्ये अडथळा आणतात, सिंथेटिक टोक आणि प्लास्टिकची काडी हवी. लक्षणं सुरू होऊन किती दिवसांनी नमुना घेतला जातो तेही रजिस्टरमधून काढा. दिवस जसे जातात तसा विषाणू सापडण्याची शक्यता घटते आणि उशिरा येणाऱ्या रुग्णांच्या केंद्रात पॉझिटिव्हिटी कमी दिसते. तिथे आजार कमी असेलच असं नाही.

शेवटी छेदाची, म्हणजे ज्या एकूण रुग्णांतून हे रुग्ण मोजले त्या आकड्याची, चौकशी करा. त्या आठवड्यात बाह्यरुग्ण विभागात एकूण किती रुग्ण तपासले, वयोगटवार किती? हा आकडा नसेल तर 'आयएलआयचे ४० रुग्ण' या वाक्याला अर्थ येत नाही. वयोगट शक्यतो जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेलेच ठेवा: २ वर्षांखालील, २ ते ४, ५ ते १४, १५ ते ४९, ५० ते ६४, आणि ६५ व त्यावरील. स्वतःचे वेगळे गट पाडले की इतरांशी तुलना कायमची तुटते.

निघताना प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचा, स्वॅब घेणाऱ्या परिचारिकेचा आणि डेटा एंट्री करणाऱ्याचा थेट नंबर घ्या. अडचणीच्या दिवशी अधिकृत पत्रव्यवहारापेक्षा हे तीन नंबर कामाला येतात.

४. लाइन लिस्ट साफ करणं

लाइन लिस्ट म्हणजे प्रत्येक रुग्णाची एक ओळ असलेली यादी. समजा तिच्यातली एक ओळ अशी आहे: वय ८, लिंग स्त्री, लक्षणं सुरू ०५/०३, दाखल ०७/०३, नमुना ०४/०३, निकाल आरएसव्ही पॉझिटिव्ह, परिणाम कोरा.

या एका ओळीत निदान तीन प्रश्न आहेत. आरएसव्हीमुळे दाखल झालेलं मूल ८ वर्षांचं असण्यापेक्षा ८ महिन्यांचं असण्याची शक्यता बरीच जास्त, तेव्हा वयाचं एकक तपासा. नमुना लक्षणांच्या आदल्या दिवशी घेतलेला दिसतो. ते शक्य नाही, म्हणजे कुठल्या तरी तारखेत चूक आहे किंवा कोणीतरी दिवस आणि महिना उलटा भरला आहे: ०४/०३ म्हणजे ४ मार्च की ३ एप्रिल? आणि कोऱ्या परिणामाचा अर्थ 'बरी झाली' असा कधीही धरायचा नाही. कोरं म्हणजे माहीत नाही.

अशा चुका दर आठवड्याला डोळ्यांनी शोधू नका, नियम लिहून संगणकाला शोधू द्या. लक्षणं, दाखल, नमुना, निकाल, नोंद या पाच तारखा याच क्रमाने आल्या पाहिजेत (रुग्णालयातच संसर्ग झालेल्यांत लक्षणं दाखल झाल्यानंतर सुरू होतात, त्यांची वेगळी खूण ठेवा). भविष्यातली तारीख नको. वयासोबत एकक हवंच. एकाच माणसाच्या दोन नोंदी जुळवताना फक्त नावावर जाऊ नका, तेच नाव तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. नाव, जन्मतारीख, लिंग आणि पत्ता मिळून जुळणी करा आणि किती दिवसांत पुन्हा पॉझिटिव्ह आला तर तो तोच आजार मानायचा, याचा नियम लेखी ठेवा.

मूळ फाइलला हात लावायचा नाही. आली तशी ती तारखेसह जपायची आणि सगळ्या दुरुस्त्या आर या संगणकभाषेसारख्या साधनात कोड लिहून करायच्या, म्हणजे कोणत्या ओळीत काय बदललं ते उद्या कोणालाही पाहता येतं. स्प्रेडशीटवर पूर्ण विसंबण्यातला धोका २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडने अनुभवला. जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे काही मावत नाही. त्या मर्यादेपायी कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांतून गळले आणि त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध काही दिवस लांबला. म्हणून फाइल वाचल्यावर पहिलं काम ओळी मोजण्याचं. पाठवणाऱ्याने किती पाठवल्या, आपल्याकडे किती आल्या, ते जुळवायचं.

आठवड्याची गोष्टही आधीच मिटवून टाका. आयएसओ पद्धतीत आठवडा सोमवारी सुरू होतो, अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या पद्धतीत रविवारी. दोन स्रोत दोन पद्धतींचे असतील तर कळसाचा आठवडा एकाने सरकलेला दिसतो. काही वर्षांना ५३ आठवडे असतात, आयएसओप्रमाणे २०२० ला होते आणि २०२६ ला आहेत. वर्षांची तुलना करणारा कोड त्या ५३ व्या आठवड्यावर हमखास अडखळतो, त्याची सोय आधीच करा.

५. आकडा वाचायचा कसा

समजा मागच्या आठवड्यात २०० नमुने तपासले, २० पॉझिटिव्ह निघाले. या आठवड्यात ५०० तपासले, ४० पॉझिटिव्ह. रुग्ण दुप्पट झाले म्हणून कोणीतरी घाबरतं. पॉझिटिव्हिटी १० वरून ८ टक्क्यांवर आली म्हणून दुसरा निश्चिंत होतो. दोघेही घाई करतात. आधी विचारा, चाचण्या अडीचपट का झाल्या? नवं केंद्र जोडलं गेलं? बातम्यांमुळे सौम्य लक्षणांचे लोकही आले? की खरंच खोकल्याचे रुग्ण वाढले, फक्त त्यांतले बरेच दुसऱ्याच विषाणूचे आहेत? उत्तर मिळवायला तिसरा आकडा बघावा लागतो: बाह्यरुग्णांतलं आयएलआयचं प्रमाण. ते प्रमाण आणि पॉझिटिव्हिटी यांचा गुणाकार करून पाहिला तर इन्फ्लुएन्झाच्या प्रत्यक्ष हालचालीचा अंदाज दोन्ही सुट्या आकड्यांपेक्षा बरा येतो. त्याच्या जोडीला रुग्णालयातले सारीचे रुग्ण ठेवा. चाचणीच्या धोरणाने बाह्यरुग्णांचे आकडे जितके हलतात, तितके हे हलत नाहीत.

दुसरी गोष्ट उशिराची. लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेप्रमाणे आलेख काढला की शेवटचे एक-दोन आठवडे जवळजवळ नेहमीच उतरते दिसतात, कारण त्या दिवसांत आजारी पडलेल्यांचे निकाल अजून आलेलेच नसतात. साथ ऐन भरात असताना 'उतार सुरू झाला' अशी बातमी यातूनच जन्माला येते. उपाय सोपा आहे, पण शिस्त लागते. दर आठवड्याची फाइल जशीच्या तशी जपा आणि अमुक आठवड्याचा अंतिम आकडा पहिल्या अहवालात किती टक्के आला होता, दुसऱ्यात किती, तिसऱ्यात किती, याचा तक्ता बनवा. काही महिन्यांत तुमच्या व्यवस्थेचा उशीर आकड्यांत मांडता येतो आणि ताज्या आठवड्यांचा अंदाज बांधता येतो. तो तक्ता तयार होईपर्यंत शेवटचे दोन आठवडे आलेखात करड्या रंगात दाखवा आणि खाली लिहा की हे आकडे वाढणार आहेत.

हंगाम सुरू झाला हे ठरवायला उंबरठा लागतो. मूव्हिंग एपिडेमिक मेथड ही पद्धत यासाठी बरीच वापरली जाते. ५ ते १० हंगामांच्या डेटावरून ती साथपूर्व पातळी आणि तीव्रतेच्या पायऱ्या काढून देते. हंगाम निवडताना डोळे उघडे ठेवा. २००९ च्या महासाथीचं वर्ष आणि २०२० नंतरचे विस्कटलेले हंगाम आत घेतले तर उंबरठे वेडेवाकडे येतात. तुमचा प्रदेश विषुववृत्ताजवळ असेल तर वर्षात दोन कळस किंवा वर्षभर मंद फिरणारा इन्फ्लुएन्झा दिसू शकतो, तिथे समशीतोष्ण देशांची एकाच हंगामाची चौकट बसत नाही. रोजच्या लक्षणाधारित डेटासाठी क्युसम किंवा इअर्ससारख्या, आकडा नेहमीपेक्षा वर गेला की इशारा देणाऱ्या पद्धती आहेत. त्या भरपूर खोट्या घंटा वाजवतात, तेव्हा एका घंटेवर हलायचं की सलग दोन दिवस वाजली तर, हे आधी ठरवून ठेवा.

इंटरनेटवरच्या शोधांतून किंवा समाजमाध्यमांतून साथ ओळखण्याचं आकर्षण दर काही वर्षांनी परत येतं. गुगल फ्लू ट्रेंड्स २००८ मध्ये सुरू झालं. २०१२-१३ च्या हंगामात त्याचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट गेला आणि २०१५ मध्ये ते बंद झालं. असे स्रोत पूरक म्हणून जरूर ठेवा. सांडपाण्यातल्या विषाणूंची तपासणी तर खरोखर उपयोगी आहे, कारण ती लोक दवाखान्यात जातात की नाही यावर अवलंबून नसते. पण प्रयोगशाळेने सिद्ध केलेल्या नमुन्याची जागा यांतलं काहीच घेत नाही.

६. कोणत्या नोंदीवर लगेच फोन उचलायचा

आठवड्याचा अहवाल आठवड्याने निघतो. पुढच्या गोष्टींना तितका वेळ नसतो.

पहिली, इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह पण माणसांत नेहमी फिरणाऱ्या उपप्रकारांपैकी एच१ही नाही आणि एच३ही नाही असा नमुना. बरेचदा विषाणू कमी असल्याने उपप्रकार कळत नाही, हे खरं. पण विषाणू भरपूर असूनही उपप्रकार सापडत नसेल तर तो नमुना त्याच दिवशी संदर्भ प्रयोगशाळेकडे गेला पाहिजे. एप्रिल २००९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या दोन मुलांचे नमुने असेच अडले. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, आजार सौम्य होता, मुलं बरी झाली. तरी कोणीतरी ते नमुने पुढे पाठवले आणि महासाथीचा नवा एच१एन१ विषाणू जगाला कळला.

दुसरी, आजारी किंवा मेलेल्या कोंबड्या, बदकं, डुकरं, गुरं यांच्या संपर्कानंतर झालेला गंभीर न्यूमोनिया. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये एच५एन१ ने १८ माणसं आजारी पडली, ६ दगावली. फॉर्मवर 'प्राण्यांशी संपर्क' हा रकाना असतो, पण तो विचारला जात नाही. पशुवैद्यकीय विभागातला एक माणूस तुमच्या फोनच्या यादीत असायलाच हवा.

तिसरी, एकाच रुग्णालयातले डॉक्टर-परिचारिका एकापाठोपाठ आजारी पडणं. फेब्रुवारी २००३ च्या अखेरीस हनोईच्या एका रुग्णालयाने विचित्र न्यूमोनियाचा रुग्ण बघायला डॉ. कार्लो उर्बानी यांना बोलावलं. पाठोपाठ तिथले कर्मचारी आजारी पडू लागले. उर्बानी यांनी ते ओळखलं, वर कळवलं, आणि १२ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने जगाला सावध केलं. याच आजाराने, म्हणजे सार्सने, २९ मार्चला उर्बानी स्वतः गेले. कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या रजेची माहिती सर्वेक्षणाचा भाग का असते, हे समजायला दुसरं उदाहरण शोधायला नको.

चौथी, एकाच इमारतीशी, हॉटेलशी, शीतकरण मनोऱ्याशी जोडलेले न्यूमोनियाचे रुग्ण. इथे लेजिओनेला या पाण्यात वाढणाऱ्या जिवाणूचा विचार करा. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर जी साथ आली, तिचा जिवाणू जानेवारी १९७७ मध्ये सापडला. लघवीतली प्रतिजन चाचणी झटपट होते, पण ती मुख्यतः न्यूमोफिला प्रजातीच्या पहिल्या सिरोगटालाच (उपगटालाच) पकडते. आणि नुसत्या लघवीच्या नमुन्यावरून रुग्णाचा जिवाणू आणि पाण्यातला जिवाणू यांची जुळणी होत नाही. म्हणून डॉक्टरांना कफाचा नमुनाही कल्चरसाठी (प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून पाहण्यासाठी) घ्यायला सांगा, शक्यतो प्रतिजैविक सुरू होण्याआधी, पण त्यासाठी उपचार अडवून न ठेवता.

फोन उचलल्यावर क्रम असा ठेवा: प्रयोगशाळेत विचारा की उरलेला नमुना आहे का, आणि तो टाकून देऊ नका म्हणून सांगा. ही पहिली विनंती, कारण ती राहिली तर पुढचं सगळं अडतं. मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोला: लक्षणं कधी सुरू झाली, प्रवास, व्यवसाय, प्राणी, घरात आणखी कोण आजारी. रुग्ण अलग ठेवला आहे का ते बघा. संपर्कातल्या लोकांची यादी सुरू करा. वरिष्ठांना निकाल पक्का होण्याआधीच कळवा, 'अजून खात्री नाही' हे शब्द स्पष्ट वापरून. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००५, जे जून २००७ पासून लागू आहेत, त्यांच्याप्रमाणे देशाला अशा घटनेचं मूल्यमापन ४८ तासांत करावं लागतं आणि ती कळवण्याजोगी ठरली तर २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला सांगावं लागतं. नव्या उपप्रकाराचा मानवी इन्फ्लुएन्झा आणि सार्स या यादीत आपोआप येतात. त्या घड्याळात तुमच्या कक्षाने घालवलेले तासही मोजले जातात.

कोणाशी कधी बोललात, काय ठरलं, कोणत्या माहितीवर ठरलं, याची वही त्याच वेळी लिहा. नंतर आठवून लिहिलेली वही निकालाच्या बाजूने झुकते.

७. अहवाल

साप्ताहिक अहवालाचं पहिलं वाक्य बहुतेकदा असं असतं: 'सप्ताह ४७ मध्ये आयएलआयचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून ३.१ टक्क्यांवर गेले असून इन्फ्लुएन्झा पॉझिटिव्हिटी १४ टक्के नोंदविण्यात आली.' यात चूक काही नाही, पण वाचणाऱ्या रुग्णालय अधिकाऱ्याला उद्या काय करायचं ते कळत नाही. तेच असं लिहा: 'इन्फ्लुएन्झाचा हंगाम सुरू झाला आहे. आयएलआयचं प्रमाण सलग दुसऱ्या आठवड्यात उंबरठ्याच्या वर आहे, बहुतेक नमुन्यांत एच३एन२ सापडतो आहे, आणि या उपप्रकाराच्या हंगामात वृद्ध रुग्ण जास्त दाखल होतात. जोखमीच्या रुग्णांत चाचणीची वाट न पाहता विषाणूरोधक औषध सुरू करावं.' आकडे तक्त्यात खाली द्या.

आपल्याला किती खात्री आहे तेही लिहा, आणि नेमकं लिहा. 'सावधपणे अर्थ लावावा' या वाक्यातून कोणाला काही मिळत नाही. 'तीन मोठ्या केंद्रांचा डेटा या आठवड्यात आलेला नाही, त्यामुळे खरी वाढ यापेक्षा जास्त असू शकते' यातून मिळतं. एखाद्या केंद्रातून शून्य रुग्ण आले आणि एखाद्या केंद्राने कळवलंच नाही, या दोन गोष्टी तक्त्यात वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत.

लहान गावातला एकच ७० वर्षांचा मृत्यू वयोगट आणि ठिकाणासह छापला, तर तो कोण हे गावाला कळतं. अशा ठिकाणी गट एकत्र करा किंवा आकडा लपवा. लोकांनी आजारपणात दिलेली माहिती आहे, ती जपणं आपलं काम आहे.

मागच्या अहवालातला आकडा चुकला असेल तर पुढच्या अहवालाच्या वरच्या भागात दुरुस्ती छापा. तळटीपेत नको.

८. हंगाम उतरल्यावर

शांत महिन्यांत व्यवस्थेचं मूल्यमापन करा. किती केंद्रांनी वेळेवर कळवलं, नमुना ते निकाल किती दिवस लागले, किती फॉर्ममध्ये लक्षणांची तारीख होती, कोणता भाग किंवा वयोगट आपल्याला दिसतच नाही. नव्या हंगामाचा डेटा घालून उंबरठे पुन्हा काढा. इन्फ्लुएन्झा बी नमुन्यांची वंशशाखा तपासणं प्रयोगशाळेने खर्च वाचवायला थांबवलं असेल तर त्यावर बोला. मार्च २०२० नंतर यामागाता शाखेचा नैसर्गिक संसर्ग निःसंशय सापडलेला नाही आणि सप्टेंबर २०२३ पासून ती शाखा लशीतून वगळण्याची शिफारस झाली. हा निष्कर्ष निघू शकला तो अनेक प्रयोगशाळा शाखा तपासत राहिल्या म्हणूनच. न सापडणं नोंदवायलाही शोधत राहावं लागतं, आणि खर्चाच्या बैठकीत हे आपणच मांडायला हवं.

मग प्रत्येक केंद्रासाठी एक पान तयार करा: त्यांनी किती नमुने दिले, ते सरासरी किती दिवसांत पोचले, त्यांत काय सापडलं, इतर केंद्रांच्या तुलनेत त्यांच्याकडे कोणत्या वयाचे रुग्ण जास्त आले, आणि त्यांच्या माहितीवरून विभागाने कोणता निर्णय घेतला. ते ईमेलने धाडून मोकळे होऊ नका. घेऊन जा आणि स्वॅब घेणाऱ्या परिचारिकेसमोर ठेवा. वर्षभर ती माहिती पाठवत असते आणि त्याचं पुढे काय झालं हे तिला बहुधा कोणी सांगितलेलं नसतं. तिथेच विचारा की फॉर्मवरचा कोणता रकाना भरताना सगळ्यात जास्त वेळ जातो. पुढच्या हंगामाचे फॉर्म छापायला जाण्याआधी विचारा, म्हणजे तो काढता येईल.